उचलत्या पुलाचं पारडं

“आवं तात्या, मी हाय की वर! पाळण्यात बसवलं व्हय मला?”

वीस वर्षं झाली त्या हाकेला. हाक हसरी होती, तीच नाथाजीला नडली. घाबरलेली असती तर पुरातल्या बाकीच्या हाकांत मिसळून वाहून गेली असती. ही मिसळली नाही. उसात पाणी पाजताना, दाढीचा साबण गालाला लावताना ती यायची, आणि नेहमी वरूनच यायची. पहिल्या शब्दापेक्षा शेवटचा शब्द जरा जास्त उंचावरून.

शेरवडी सातारा जिल्ह्यात, समोरचं काटपूर सांगली जिल्ह्यात, मधून कृष्णा. दोन गावांमधला लोखंडी पूल संस्थानाच्या काळातला. दोन्ही काठांना एकेक मनोरा आणि मनोऱ्यांमधला गाळा उचलता. त्या काळी पाटणच्या रानातून लाकडांचे तराफे नदीनं खाली यायचे. पुराच्या दिवसांत उन्मळलेली झाडं, कडब्याच्या गंजी, गोठ्यांची छपरं यायची. ती अडून पूल मोडू नये म्हणून मधला गाळा आडवाच्या आडवा वर न्यायचा, दोन्ही हातांनी भरलं ताट उचलावं तसा. त्यासाठी प्रत्येक मनोऱ्यात दगडांनी भरलेली लोखंडी पेटी तारदोरानं टांगलेली. पेटी खाली उतरली की गाळा वर चढायचा. पेटीला दोन्ही गावं पारडं म्हणायची. आधी चार गडी रहाट फिरवायचे. पुढं इंजिन बसलं आणि एकटा माणूस पुरेसा झाला. तो माणूस आधी नाथाजीचा बाप होता, मग नाथाजी.

या पारड्याला एक रीत चिकटलेली होती. माणूस गेलं की ज्या खड्यानं चितेजवळचं मडकं फोडतात तो जीवखडा दहाव्याला नदीत सोडायचा, ही सगळ्यांचीच रीत. पण ज्याला नदीनंच नेलं आणि परत दिलं नाही, त्याचा खडा नदीच्याच ओटीत कसा टाकायचा? म्हणून दर्भाचा पुतळा जाळून क्रिया झाली, की त्याचा खडा शेरवडीकडच्या पारड्यात ठेवायचा. पूलवाल्यानंच तो वर न्यायचा, ठेवताना मोठ्यानं नाव घ्यायचं. पत्र्याच्या चकतीवर खिळ्यानं नाव ठोकून ती खड्याला तारेनं बांधायची. मुसलमान आळीतला एक माणूस असाच गेला, तेव्हा त्याच्या घरच्यांनी उंबऱ्यापाशी पडलेला एक दगड आणून दिला होता. कुणी काही विचारलं नाही. नव्वद वर्षांत तेरा खडे झाले. मुठीत मावतील एवढे.

तेरावा काटपूरच्या साळूबाईच्या लेकाचा, जयराजचा. तो नाथाजीनं स्वतःच्या हातानं ठेवलेला.

जयराज फौजी. दोन हजार पाचच्या पुरात सुट्टीवर होता. गावाला ठाऊक होतं ते इतकंच, की तो म्हैस सोडायला नदीकडं गेला आणि आला नाही. नाथाजीला ठाऊक होतं ते याहून जास्त. सकाळी दहाचा सुमार, चार हातांवरचं दिसत नव्हतं असा पाऊस, नदीकाठची माणसं डोंगराकडच्या शाळेत हलवलेली. वरून फोनवर हुकूम आला, गाळा उचला. नाथाजीनं इंजिन मारलं. गाळा अर्ध्यावर गेला तेव्हा ती हाक आली. तोपर्यंत खालून आख्ख्या बाभळी चालल्या होत्या. गाळा खाली घेतला असता तर पूल गेला असता. “पानी उतरंस्तवर दम काढ!” असं नाथाजी ओरडला होता. जयराज ओरडला, “भाकरी तरी फेका की एखादी!”

त्याच्या पुढचं नाथाजी स्वतःलासुद्धा सांगत नसे.

साळूबाई मात्र दर वर्षी जयराजच्या तिथीला नाथाजीच्या घरी पान पाठवायची. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई. “माझ्या लेकाला जागा तू दिलीस नाथा,” म्हणायची, “न्हाईतर भटकत बसलं आसतं.” वीस वर्षं ते पान नाथाजीनं खाल्लं. एकदाही टाकलं नाही. टाकलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

यंदा माघात नवा पूल सुरू झाला. सिमेंटचा, उंच, गुळगुळीत. जुना पूल ओलांडताना गाडीखाली फळ्या वाजायच्या, झोपलेलं पोरसुद्धा जागं होऊन “नदी आली” म्हणायचं. नव्यावरून नदी कधी आली नि गेली कळत नाही. जुन्याचे दोन्ही रस्ते बंद केले, गाळ्याचे अडसर काढले, आणि पाडायचं काम ठेकेदाराकडं गेलं.

फाल्गुनातल्या एका सकाळी ठेकेदाराच्या इंजिनिअर बाईंनी नाथाजीला बोलावणं धाडलं. प्रियदर्शनी नाव, फलटणची, वय सत्तावीस-अठ्ठावीस, डोक्यावर पिवळं हेल्मेट. शेजारी पीरमहंमद वेल्डर विडी फुंकत बसलेला. नाथाजी आणि तो शाळेपासूनचे सोबती.

“या पूलसाहेब,” पीरमहंमद म्हणाला. “तुमची बायकू पळून चाललीया, तेवढी धरा.”

“गप रं. काय झालंय बाई?”

“काका, हे बघा.” तिनं पट्टी दाखवली. गाळ्याचं शेरवडीकडचं टोक रस्त्यापासून चार बोटं वर उचललेलं होतं. “परवा एक बोट होतं. काल दोन. आम्ही गाळ्यावर सिमेंटच्या दहा गोण्या ठेवल्या, तरी आज चार. गाळा हलका झालेला नाही. म्हणजे पेटी जड झाली असली पाहिजे. पेटीत कुणी काही टाकतं का?”

“कोण टाकनार? वर जायाची शिडी तुमीच कापलीया.”

“तेच तर.”

नाथाजी मनोऱ्याखाली जाऊन उभा राहिला. खडा ठेवायला वर चढला तेवढं सोडलं तर आयुष्यभर त्यानं हे पारडं खालूनच पाहिलं होतं. आज त्याच्या बुडातून पाणी ठिबकत होतं. दर आठ-दहा श्वासांनी एक थेंब. फाल्गुनातलं ऊन, लोखंडाला हात लावला तर चटका बसावा असं, आणि थेंब गार. त्याला वास होता. पूर ओसरल्यावर घरात शिरलं की भिंतींना येतो तो.

“कप्पीचं तेल आसंल,” तो म्हणाला.

पीरमहंमदनं थेंब बोटावर घेतला, हुंगला, बोट लेंग्याला पुसलं आणि विडी विझवली. विनोद केला नाही.

खडे ज्याचे त्याला परत द्यायचे, मगच पारडं रिकामं करायचं, असं दोन्ही गावांनी आधीच ठरवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं जमली. फार नाही, पंचवीस-तीस. तेरा घरांतली जेवढी उरली होती तेवढी. साळूबाई काटपुराहून नातेवाइकाच्या मोटारसायकलवर मागं बसून आली. अठ्ठ्याहत्तर वय, पाय सुजलेले. मनोऱ्याच्या सावलीत बसली आणि नाथाजीला हाक मारून म्हणाली, “आज माझं देऊन टाक बाबा. उद्या संगमावर सोडते आन मोकळी हुते. डागदर म्हनतोय काळजात पानी झालंय. माझं समदं झालंय बग, ह्येवढं एक ऱ्हायलंय. ह्येच्यापायी जीव जाईना.”

“देतो की आक्का.”

तारदोर सोडवून क्रेननं पारडं हाताशी येईल एवढं खाली आणून धरलं. हुकाला वजनकाटा होता, त्याचे लाल आकडे डब्यावर उमटत. पेटी नकाशातल्या वजनापेक्षा सहाशे किलोंनी जास्त भरत होती. प्रियदर्शनीनं दोनदा काटा शून्यावर आणून पाहिला.

खडे वरच होते. सगळे ओले. दोघांतिघांना शेवाळ धरलेलं.

पहिला खडा हरणाबाईच्या मुलीचा. नाथाजीनं चकती वाचली, नाव घेतलं, खडा उचलला. हातात लिंबाएवढा लागला. मागं डब्यावरचा आकडा खाली घसरला आणि थांबला.

“पंधरा किलो?” प्रियदर्शनी पुटपुटली. मग हरणाबाईकडं वळली. “आजी, मुलगी केवढी होती?”

“तीन सालाची हुती गं. गुबगुबीत.”

दुसरा धोंडुबाईच्या दिराचा. पासष्ट. तिसरा मुसलमान आळीतला, झुबेदाच्या चुलत्याचा. पंचावन्न. झुबेदा हळूच म्हणाली, “चचा लय बारीक हुते.” चौथ्या खड्यानंतर प्रियदर्शनीनं सगळं थांबवलं आणि पेटीवर सिमेंटची एक गोणी ठेवायला लावली. आकडा बरोबर पन्नासनं वाढला. गोणी काढली, पन्नासनं उतरला. त्यानंतर तिनं कुणाला काही विचारलं नाही. नुसती आकडे वहीत लिहीत राहिली. माणसं खडा पदरात घेत, टोपीत घेत, कपाळाला लावत आणि बाजूला होत. रडलं कुणी नाही. आजारी माणूस खाटेवरून उतरवून घ्यावा तसे सगळे वागत होते, हलक्या हातानं.

साळूबाई सावलीत बसून हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. जात्यावरची चाल होती.

कृष्णामाईच्या पाण्याला, किती लावू मी हात गं
माझं वाढलेलं ताट, अजून बगतंया वाट गं

बारा झाले. तेराव्याची चकती नाथाजीला वाचावी लागली नाही. खिळ्याचे ठोके त्याचेच होते.

“जयराज,” तो म्हणाला, आणि खडा उचलला.

खडा कोरडा होता. उन्हानं तापलेला.

आकडा हलला नाही.

प्रियदर्शनीनं डब्यावर टिचकी मारली. मग परत गोणी ठेवली. पन्नास. काढली. पन्नास. जयराजचा खडा नाथाजीच्या हातातून घेऊन तिनं पेटीत ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. काही नाही. तो एका साध्या खड्याइतकाच जड होता.

साळूबाईला आकडे वाचता येत नव्हते, पण ती मघापासून माणसांची तोंडं वाचत होती. काठी टेकत जवळ आली. “माज्या लेकाचं किती भरलं गं, बाय?”

“काही नाही, आजी.”

“म्हंजी?”

“काटा दमला आसंल, म्हातारे,” पीरमहंमद म्हणाला. “मिशीन हाय शेवटी.”

“पीऱ्या, हरणीच्या पोरीला दमला न्हाई तो काटा, आन माज्या बाप्याला दमला?” तिनं खडा घेतला, दोन्ही तळव्यांत फिरवला. भाजीवाल्यानं कमी तोललेली भाजी बाई हातानं जोखते तसा जोखला. मग नाथाजीच्या हातात परत ठेवला.

“ह्यो त्येचा न्हाई.”

“आक्का, मीच ठिवलाय. ही बग चकती.”

“चकती आसंल. त्यो ह्यात न्हाई. ह्ये घिऊन मी संगमावर काय सोडू? गोटा?” ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या बुबुळांवर मोतीबिंदूची साय होती. “मग कुटं हाय त्यो, नाथा?”

नाथाजीनं खांदे उडवले. वीस वर्षांत त्याला एवढं सराईतपणे जमू लागलं होतं.

माणसं पांगू लागली होती तरी काम थांबणार नव्हतं. पारडी सुटली, म्हणून आता गाळ्याखाली चार कोपऱ्यांना चार जॅक लावले. प्रत्येकाखाली एकेक काटा. कापताना भार कुठं जातो ते कळावं म्हणून. गोण्या उतरवल्या. गाळा झाडून मोकळा केला. प्रियदर्शनीनं डबा मांडीवर घेऊन चारही आकडे शून्यावर आणले.

दुपारचे तीन वाजले असतील. कारखान्याचा भोंगा झाला. वारा नव्हता. नदीत गुडघाभर पाणी, त्यात म्हशी.

काटपूरकडचे दोन आकडे वाढले. पस्तीस, पस्तीस.

“गाळ्यावर कोण आहे?” प्रियदर्शनीनं ओरडून विचारलं.

कुणी नव्हतं. गाळा समोर आडवा पडला होता, लख्ख उन्हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा.

काटपूरकडचे आकडे कमी होऊ लागले. शेरवडीकडचे वाढू लागले. वीस. तीस. पस्तीस. तिथं थोडा वेळ थांबले. मग परत उतरले, आणि काटपूरकडचे वाढले. घाई नव्हती. चालीचा वेग होता. या टोकाला यायचं, कठड्यापाशी थांबायचं, वळायचं, त्या टोकाला जायचं.

पीरमहंमदनं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. “नाथ्या,” तो म्हणाला, “सत्तर हाय बग बेरीज. कायम सत्तर.”

“गप.”

“फौजी गड्याचं...”

“गप म्हनलं ना!”

साळूबाईनं दोघांकडं पाहिलं नाही. ती उठली आणि काठी टेकत गाळ्यावर चढली. कुणी अडवलं नाही. मधोमध जाऊन फळीवर बसली, पाय जवळ घेऊन, लग्नाच्या मांडवात जागा धरून बसतात तशी. तिचं वजन चारही कोपऱ्यांत वाटलं गेलं; प्रियदर्शनीनं ते वजा केलं. उरलेले सत्तर चालत होते. म्हातारीपाशी आले. तिथं थोडे रेंगाळले.

मग पुढं निघाले.

“लागलं का काई?” साळूबाईनं बसल्या जागेवरून विचारलं. “मला काई दिसंना.”

प्रियदर्शनीनं मान हलवली, आणि म्हातारीला ते दिसणार नाही हे लक्षात येऊन कसंबसं म्हणाली, “हो आजी.”

“माजा जयराज हाय का?”

म्हशी पाण्यातून बाहेर पडत होत्या, त्यांच्या अंगावरून निथळणारं पाणी ऐकू येत होतं.

“नाथा.” म्हातारीचा आवाज चढला नाही. “वीस वरसं मी माजं लेकरू पान्यात हुडकलं. पान्याला शिव्या दिल्या. पान्याला ओट्या भरल्या. आन त्यो हितं पुलावर हाय. फळीवर. माज्या घरातनं दिसतो ह्यो पूल. सांग मला, त्यो हितं कसा?”

आता सांगायचं नाही म्हटलं तर ती अशीच जाणार होती, ना नदीला काही देऊन ना घरी काही नेऊन. आणि सांगायचं म्हटलं तर बाप, इमान, पूलवाला हे नाव, दर वर्षीचं पान, सगळं याच फळ्यांवर पडणार होतं. नाथाजीनं रस्त्याच्या कडेला, जिथून गाळा सुरू होतो तिथं, कठड्याचा खांब धरला. गाळ्यावर पाय टाकला नाही.

“त्यो वर ऱ्हायला हुता आक्का,” तो म्हणाला. “मी उचलला तवा. मला दिसला न्हाई. दिसला तवा खाली झाडं चालली हुती.”

साळूबाईनं तोंड त्याच्या आवाजाकडं वळवलं.

“दीस मावळंस्तवर पानी उतरंल म्हनलं.”

“मग?”

“भाकरी मागत हुता.”

म्हातारीच्या हातातली काठी फळीवर हळूच आडवी झाली.

“मी गेलो वरच्या आळीला, घरी. भाकरी आनायला म्हनूनच गेलो, आईची आन. चुलीपाशी ऊब लागली. आदी आपन खाऊन घ्यावं म्हनलं. खाल्लं. डोळा लागला.”

“चार वाजून गेल्ते, मी आलो तवा,” तोच पुढं म्हणाला. “त्येची भाकरी आनली हुती मी. फडक्यात. खरंच आनली हुती.”

“आन त्यो गेला हुता.” हे साळूबाई म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. वीस वर्षांनी का होईना, तिनं त्याच्यापुढं एक वाट करून दिली होती. त्यानं नुसतं हो म्हणायचं होतं.

पीरमहंमद डब्याकडं बघत होता. काटपूरकडचे दोन्ही आकडे शून्यावर होते. शेरवडीकडच्या दोनांपैकी एक आकडाही शून्यावर. उरलेल्या एका कोपऱ्यात, नाथाजीनं खांब धरला होता त्याच कोपऱ्यात, सत्तरच्या सत्तर येऊन उभे होते. हलत नव्हते.

“न्हाई,” नाथाजी म्हणाला.

त्याचा आवाज एवढा बारीक झाला होता की प्रियदर्शनीला पुढं वाकावं लागलं.

“न्हाई आक्का. हुता. हितंच उबा हुता, ह्या कोपऱ्याला, वर, कठडा धरून. झाडं थांबली हुती. पानी हातभर उतारलं हुतं. मी इंजिनाला हात घाटला. आन त्येनं माज्याकडं बगितलं. बोलला न्हाई काई. हसला न्हाई. नुसतं बगितलं. तवा माज्या मनात आलं, आता ह्यो खाली आला की गावात सांगनार, नाथा मला टांगून जेवाय गेला हुता. म्हनून मी हात काडला. आन दिवं लागंस्तवर पुलाकडं पाट करून बसलो. वळलो तवा वर कुनी नव्हतं.”